तीनचा खेळ

१२ मार्च १९७३

आज परत. घरून निघताना मनाशी पक्कं होतं की बर्डीवर बाजारात जायचं, पोळपाट घ्यायचा आणि सरळ मागं फिरायचं. पोळपाट घेतला आणि तो काखेत धरूनच टॉकीजमध्ये जाऊन बसले. तीनचा खेळ. सिनेमा तोच, गेल्या शुक्रवारी लागलेला. कोण मरणार, कोण कोणाचा भाऊ निघणार, सगळं पाठ झालंय. तरी बसले. पोळपाट मांडीवर.

हे साडेसहाला ऑफिसातून येतात. म्हणून शेवट सोडून पळत आले. खालच्या बिऱ्हाडातून, कुसुमताईंकडून मनीला घेतलं. मी शिवणाच्या क्लासला जाते असं त्यांना सांगितलंय, यांनाही तेच. कु.ताईंनी विचारलं, "आज काय शिकवलं वं?" मी म्हटलं, काज. आता खोटं बोलताना जीभ अडत नाही.

मनी चार वर्षांची आहे. तिनं विचारलं, आई, माहा फ्रॉक कधी शिवशील? म्हटलं, लवकरच.

१७ मार्च

कु.ताईंबरोबर शनिवारच्या सिनेमाला जाऊन आले. त्यांच्यासोबत जाते तेव्हा पहिल्यांदाच पाहते आहे असं दाखवावं लागतं. त्या रडतात, हसतात, शेंगा खातात, नटीच्या साडीचा काठ लक्षात ठेवतात. परत येताना अख्खी स्टोरी मलाच सांगतात. नवीन लागलेला एकही सोडत नाहीत. गणेशपेठेत सगळे त्यांना सिनेमावेड्या म्हणतात. मला म्हणतात, विमलला शिवणकामाची फार गोडी.

जिन्यात म्हणाल्या, "आता आमच्या बबनची परीक्षा होईस्तोर नाही बापा. सिनेमा काय पळून चालला?" मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. काही म्हणजे काहीच नव्हतं तिथं. पदर खोचला आणि तांदूळ निवडायला बसल्या. असं कसं जमतं एखादीला?

मला वाटतं त्या सिनेमा पाहायला जातात. मी पाहायला जातच नाही, नुसती तिथं जाते. हे कोणाला कसं सांगायचं कळत नाही.

२९ मार्च

नाही जायचं ठरवलं होतं. अडीचला सुरू होतं. आधी जांभया. मग तळपायाला मुंग्या, मग जीव असा वरखाली की एका जागी बसवत नाही. डबे काढले, पुसले, परत लावले. मनी म्हणाली, आई, माह्याशी खेळ. खेळले. ती भातुकलीचा चहा देत होती आणि मी मनात हिशेब करत होते की आता जाहिराती सुरू झाल्या असतील, आता न्यूज, आता पडद्यावर नावं.

नावं चुकली तरी चालेल असं वाटलं तेव्हा पायात चपला होत्या.

२ एप्रिल

आहे काय तिथं, हे आज नीट लिहून पाहते.

दिवे गेले की छातीतलं काहीतरी सुटतं. तीन तास मी कोणाची कोणी नसते. पहिल्यांदा जायला लागले तेव्हा मजा यायची. आता मजा येत नाही. गाणं लागलं तरी येत नाही. नुसतं सुटल्यासारखं वाटतं, आणि तेही पहिल्या पाच मिनिटांत संपतं. बाकी वेळ उद्या कसं यायचं त्याचा विचार.

तिकिटं फाडणारा म्हातारा आज म्हणाला, "बाई, तुमची कोपऱ्यातली खुर्ची खाली ठेवली." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्याच खुर्चीत बसले.

२१ एप्रिल

कळलं यांना.

यांच्या ऑफिसातल्या एकानं मला टॉकीजच्या दारात पाहिलं. हे घरी आले ते ओरडले नाहीत. म्हणाले, "शिवणाचा क्लास कुठी आहे? चाल, दाखव मले." मी चपला घातल्या. खरंच पुढं पुढं चालत गेले, जणू क्लास आहेच कुठंतरी. कोपऱ्यावर थांबले. तिथंच सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नाही. सांगितलं की रोज जाते.

त्यांच्या तोंडावर आधी भीती होती, मग ती उतरली. "एवढंच होय? मले वाटलं..." काय वाटलं ते बोलले नाहीत. मग हसल्यासारखे झाले. "सिनेमा तर मलेही आवडते. कमी कर. आपण चहा कमी करतो तसा." हे दिवसभर चहा पितात. दर श्रावणात सोडतात, दोन दिवस डोकं धरून बसतात आणि मग महिनाभर नावही काढत नाहीत. त्यांच्या लेखी माझंही तसंच.

ठरलं की महिन्यातून एक सिनेमा. तोही त्यांच्यासोबत. विहिरीतून वर काढल्यासारखी मी मान हलवली. मग त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, "पण मनीले टाकून परत गेली, तर मनी तुह्याजवळ नाही राहणार. आताच सांगून ठेवतो."

४ मे

हे डॉक्टरांकडे घेऊन गेले. ऊन असं की सायकलच्या दांडीला हात लागत नव्हता.

डॉक्टर म्हणाले, झोप लागते का, भूक लागते का, घरी काही दुःख आहे का. नाही म्हटलं. खरंच नाही. सासू छळत नाही, नवरा मारत नाही, लेकरू गोड आहे. एखादं दुःख सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. किती वेळा जायचात, विचारलं, तर अर्ध्यावर आणून सांगितलं. ते हसले. "नाद प्रत्येकालाच असतो. मी झोपायच्या आधी रहस्यकथा वाचल्याशिवाय राहत नाही. मन रमवा कशात तरी. शिवण शिका."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

पण एक गोष्ट खरी आहे. यांना कळलं त्या दिवसापासून गेले नाही. पहिले दिवस फार वाईट गेले, बाथरूममध्ये जाऊन रडत होते. आता तीन वाजतात तेव्हा जीव खालीवर होतो, पण पहिल्यासारखा नाही. भूक मरत आल्यासारखं वाटतं.

६ मे, रविवार

महिन्यातला एक. हे, मी, मनी. कूलरला नवा वाळा लावलेला, सगळीकडे ओला वास. मनी यांच्या खांद्यावर झोपली. हे पोट धरून हसत होते. मध्येच माझ्याकडे बघत होते, मला आवडतंय ना म्हणून. किती भला माणूस आहे.

परत येताना उसाचा रस. "झालं न समाधान?"

झालं म्हटलं. पण दिवे गेले त्या क्षणीच मला कळलं होतं, उद्या येणार.

७ मे

गेले.

कु.ताई माहेरी गेल्या आहेत. मनी झोपली होती. बाहेरून कडी घातली. म्हटलं, इंटरव्हलपर्यंतच, ती उठायच्या आत येते. रस्त्यावर कुत्रं नव्हतं इतकं ऊन.

सहाला आले. मनी दाराशी बसली होती, आतल्या बाजूला. रडून रडून गप्प झालेली. फ्रॉक ओला. म्हणाली, "मी कडी नाही वाजवली, आई. लोक येतात न."

मीच तिला मागं कधी शिकवलं होतं, कडी वाजवायची नाही म्हणून. बाबांना सांगू नको म्हटलं. नाही सांगत म्हणाली.

१९ मे

परत रोज. पंधरा दिवस सोडलं होतं, ते एका रविवारनं पाण्यात गेलं. यांना वाटतं एकावर माझं भागतं. यांचं एकावर भागतं, म्हणून.

आज मनी खेळत होती. बाहुलीला पत्र्याच्या पेटीत निजवलं, झाकण लावलं आणि पेटीला म्हणाली, "झोपजो हं. मी क्लासले जाऊन येतो."

मी पाठ करून उभी राहिले. ओट्याला धरून.

२२ जून

सोम. गेले. मंगळ. नाही गेले. बुध. ग. गुरु. ग. शुक्र. रेशनच्या लायनीत होते, लायन सोडून ग. साखर राहिली.

११ जुलै

आज मनीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. तिला वाटलं मी केस विंचरते आहे, तिनं मान खाली घातली.

१३ जुलै

ग.

३१ ऑगस्ट

तान्हा पोळ्याचं आज लिहिते. तेव्हा हात चालत नव्हता.

सकाळी हे मनीला खांद्यावर घेऊन मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक पाहायला निघाले, मीही गेले. महाल भागात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक ओरडत होते, रोगराई, खोकला घेऊन जा गे मारबत. मीही ओरडले. मनात माझ्या रोगाचं नाव घेतलं आणि इतक्या जोरात ओरडले की हे वळून हसले. वाटलं, गेलं असेल. इतक्या लोकांचं गेलं तर माझं का नाही जाणार?

मनीचा लाकडी बैल आदल्या दिवशीच सजवला होता. शिंगांना बेगड, पाठीवर माझ्या जुन्या ब्लाऊजची झूल. संध्याकाळी घरोघरी बैल नेऊन बोजाऱ्याचे पैसे मागायचे, हे ती आठ दिवस घोकत होती. दुपारी यांना कोणाकडे तरी जावं लागलं. अडीच वाजले. मनीची वेणी घातली, बैलाची दोरी तिच्या हातात दिली आणि पायरीवर बसवलं. कु.ताईंना सांगितलं, लक्ष ठेवा, पाचला येते.

पाचला उठायचं होतं. उठले नाही. खेळ सुटला तेव्हा बाहेर उजेड होता, पोट्टे बैल घेऊन जाताना दिसत होते. मी पाहिले ते. आणि तिथूनच परत आत जाऊन सहाच्या खेळाला बसले. का, ते मला विचारू नये. घरी जाऊन मनीचं तोंड पाहायची हिंमत होत नव्हती, आणि ती न होण्यावर माझ्याजवळ तेवढा एकच इलाज होता.

आले तर दारात गर्दी. मनी बैल घेऊन आईला शोधायला निघाली होती. कु.ताई बबनचा बैल सजवायला आत गेल्या तेवढ्यात. दिवस बुडाल्यावर कॉटन मार्केटजवळ सापडली, एका केळीवाल्याच्या गाड्याखाली. त्यानं विचारलं, कोणाची गं तू, तर म्हणे, "आई क्लासले गेली." एवढंच सांगत होती. बैलाचं एक चाक गेलं.

हे तिला मांडीवर घेऊन बसले होते. माझ्याकडे पाहिलं नाही. "कुठी होती?"

"तिथंच."

"पोट्टी मेली असती, विमल."

हो म्हटलं.

३ सप्टेंबर

वर्ध्याहून वन्सं आल्या, यांच्या मोठ्या बहीण. मनीला आता त्या पाहणार. मला माहेरी पोचवणार, मौद्याजवळच्या आमच्या गावी. हे म्हणाले, "तिथं टॉकीज नाही. राहा. सुटलं की मी स्वतः येतो घ्यायले." शिव्या दिल्या असत्या तर बरं.

मनीला काय सांगितलं ते मला माहीत नाही. एस.टी. स्टँडवर ती वन्संच्या कडेवर होती. मी हात हलवला. तिनं वन्संच्या गळ्यात तोंड घातलं.

७ सप्टेंबर

गावी घड्याळ नाही. शरीरालाच कळतं. जांभया येतात. तोंडाला चव नाही. काल धान्याच्या खोलीत गेले, तिथं खिडकी नाही, काळाकुट्ट अंधार. कणगीला टेकून बसले. वहिनी पायली घ्यायला आली आणि मला पाहून ओरडली. "बाई, भूत होय का काय? इथं काय करून राहिली?"

आई नाही. वहिनीच घर चालवते. दादा काही बोलत नाही, ही बोलते. काल शेजारणीला सांगत होती, आमच्या नणंदबाई सिनेमात काम करायले निघाल्या होत्या. दोघी हसल्या. बोलणं बरोबरच आहे तिचं. माझी लेक तिकडे आणि मी इकडे बसून भाकर खाते.

१८ सप्टेंबर

बाबांना गावात रेडिओबाबा म्हणतात. उठल्यापासून निजेपर्यंत ट्रान्झिस्टर. शेतकऱ्यांचा कार्यक्रम, बाजारभाव, कळत नाही त्या भाषेतल्या बातम्यासुद्धा. वखरावर टांगून नेतात. वहिनी म्हणते, मामंजीले रेडिओचं व्यसन आहे.

परवा सेल संपले. मौद्याला जाणारं कोणी नव्हतं. एक दिवस बाबा चिडचिडले, दोनदा डबा उघडून सेल उन्हात ठेवले. दुसऱ्या दिवशी पारावर जाऊन बसले, पोरांना वाघाची गोष्ट सांगितली. आज सेल आले तर म्हणाले, ठेव तिथं, लावतो मंग.

मी पाहत होते. आधी कु.ताई, मग यांचा चहा, आता बाबा. सगळे मनसोक्त करतात आणि कामाच्या वेळी हात काढून घेतात. हात निघतो त्यांचा. माझा निघत नाही. एवढाच फरक, पण तो दिसत नाही बाहेरून. बाहेरून तर बाबाच जास्त वाटतात.

संध्याकाळी ते माझ्याजवळ येऊन बसले. "तुले काहून नाही सुटत वं, माय?"

"माहीत नाही, बाबा."

त्यांनी ट्रान्झिस्टर बंद केला, मला त्रास होत असेल म्हणून. तसं काही नव्हतं. पण त्यांनी केला.

३ ऑक्टोबर

आज तीन वाजून गेले आणि मला कळलंच नाही. वहिनीबरोबर मिरच्या तोडत होते. सावल्या लांब झाल्या तेव्हा लक्षात आलं. वाफ्यातच बसले आणि रडले. वहिनीला वाटलं, डोळ्याला मिरचीचा हात लागला. पदर ओला करून आणला तिनं.

मनीचा फ्रॉक शिवायला घेतलाय. हातानं. पिवळं कापड, दादानं मौद्याच्या बाजारातून आणलं. टाके वाकडे जातात, उसवते, परत घालते. आता खरंच शिवण शिकते आहे.

२४ ऑक्टोबर

दादा नागपूरला जाऊन आला. दिवाळीचं मनीला देऊन आला. मी खोदून खोदून विचारलं. म्हणाला, "चांगली आहे. आत्याजवळ झोपते."

"माझं विचारते?"

तो बैलांकडे बघत राहिला. "नाही वं."

४ नोव्हेंबर

काल गावची मंडई होती. दिवाळीनंतर भरते ती जत्रा. दरवर्षीच असते, मला ते आठवायला हवं होतं. यांनाही. पण आम्ही सगळे एकच म्हणत होतो, गावात टॉकीज नाही.

परवा सकाळी नदीकडच्या पडीत जमिनीत खांब रोवताना दिसले. दादा म्हणाला, औंदा टुरिंग टॉकीज आली. मी घागर घेऊन उभी होते. ती खाली ठेवली.

काल दुपारपासूनच भोंग्यावर गाणी. घरातले सगळे खुश. गेल्या महिनाभरात मी कधी तीनला थरथरले नव्हते, काल परत तेच. जांभया. तळपाय. मी फ्रॉक हातात घेतला, सुई ओवली जाईना. ऊन उतरल्यावर वहिनी नवी साडी नेसून आली, दंडारीचा नाच पाहायला चल म्हणाली. तिचा हात धरला आणि म्हटलं, "वहिनी, मला धान्याच्या खोलीत घाल आणि बाहेरून कडी लाव."

ती हसली. मग हसू गेलं तिचं. "खरंच म्हणून राहिली?"

"मी काहीही म्हटलं तरी काढू नको."

लावली. मी काहीही म्हटलंच. आधी पाणी मागितलं. मग बाहेर जायचंय म्हटलं. मग भोंग्यावर खेळ सुरू होत असल्याचं ओरडले तेव्हा मी दार बडवलं आणि वहिनीला नाही नाही ते बोलले, तिला लेकरू नाही त्यावरून बोलले. ती बाहेरून काहीच बोलली नाही. मला वाटलं, गेली मंडईत. सगळं शांत झाल्यावर दार उघडलं तर ती उंबऱ्यावर बसली होती, नव्या साडीत. तिची मंडई गेली. मी पाया पडायला वाकले, तिनं उठवलं.

"दारूवाल्या माणसासारखं झालं वं तुले," ती म्हणाली. "माह्या बापाचं असंच होतं. मी उगाच हसली तुले."

इतक्या दिवसांत कोणीतरी बरोबर बोललं. मी तिला सात मेचंही सांगितलं. मनीच्या कडीचं. मनी आणि वहिनीशिवाय कोणाला माहीत नाही.

११ नोव्हेंबर, रविवार

हे आले. मनी सोबत.

मनी यांच्या पायामागं लपली. उंच झाली आहे. मी हाक मारली नाही, नुसता फ्रॉक समोर धरला. बरंच पाहत राहिली. मग येऊन बाहीला बोट लावलं. "हा माहा?" तिला घातला, गळा थोडा मोठा झाला. माझ्या मांडीवर बसली नाही, पण बाजूला बसली.

यांनी वहिनीला विचारलं. वहिनी म्हणाली, "मंडईत टुरिंग आली होती, भाऊजी. तरी नाही गेली." कडीचं सांगितलं नाही. माझी लाज राखली तिनं. यांचे डोळे भरले. बाबांसमोरच म्हणाले, "मी म्हणत होतो न, मनावर घेतलं की सुटते."

तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण मनी माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

१४ नोव्हेंबर

घरी. वन्सं वर्ध्याला गेल्या. कु.ताई खाली भेटल्या, ओशाळल्यासारखी मीच. त्यांनी गरम पोहे आणून दिले, जुनं काही काढलं नाही.

दुपारी अडीचला मनी आपोआप जाऊन पायरीवर बसली. विचारलं, काय झालं गं. "तू क्लासले जाशील न." म्हटलं, क्लास बंद झाला. तिनं जागेवरून उठायला वेळ लावला. पण उठली. संध्याकाळी माझ्या मांडीवर येऊन निजली.

बर्डीच्या रस्त्यानं मी जात नाही. भाजी कॉटन मार्केटातून. रॉकेल आणायला मागच्या गल्लीतून. हे विचारतात, इतका फेरा काहून? म्हटलं, पाय मोकळे होतात.

१६ नोव्हेंबर

हे आज शीळ घालत जिना चढले. खिशातून तिकिटं काढून माझ्यासमोर धरली. तीन. रविवारचा खेळ, तीनचा. लायनीत उभं राहून काढली म्हणे, नवीन लागला आहे, गर्दी फार.

"आपण तिघं. महिन्यातून एक, आपलं ठरलं होतं तसं. आता तर तुले जमते."

मी म्हटलं, नको.

"काहून? बिमारी गेली न आता. भेव कायचं?"

मनीला सांगितलंही त्यांनी. मनी पिवळा फ्रॉक घालते म्हणाली.

हे आजवर एकदाही वाईट वागले नाहीत माझ्याशी. हेच मला मारून टाकणार असं वाटतं.

१७ नोव्हेंबर

सांगायचं ठरवलं होतं. हे उद्यासाठी बूट पॉलिश करत बसले होते. सुरुवात केली, "मी नाही आले तर?"

ब्रश थांबला. "विश्वास ठेवून राहिलो मी तुह्यावर, विमल. आणि तूच म्हणतं..." दुखावले. मला माणूस दुखावलेला बघवत नाही, मी म्हटलं, येते, येते.

नीट सांगायचं तर असं सांगावं लागेल की एक सिनेमा म्हणजे एक नसतो. ते विचारतील, तुले कसं माहीत? मग सहा मेचा रविवार काढावा लागेल. त्यानंतरचा सोमवार काढावा लागेल. आणि मनी आत कडीत होती हे ऐकल्यावर ते काय करतील ते त्यांनी एप्रिलमध्येच सांगून ठेवलंय.

नाही सांगितलं तर उद्या दिवे जातील. परवा मी कुठं असेन ते मला आत्ताच माहीत आहे.

१८ नोव्हेंबर, रविवार

दोन वाजून गेले. सगळे तयार. मी नवी साडी नेसले, कुंकू लावलं, पदर नीट केला. हे खाली सायकल पुसताहेत. मनीला डबल सीट नेणार, मी रिक्षानं.

पर्स घ्यायला आतल्या खोलीत आले आणि हातानं आपोआप कडी लावली. आतून. आता पेटीवर बसून लिहिते आहे. जांभया सुरू झाल्या आहेत. साडीच्या आड तळपाय गार.

यांनी खालून हाक मारली, "विमल, चाल लवकर, न्यूज सुरू होईन." मग परत एकदा. आवाजात अजून हसू आहे.

मनी दाराशी आली. कडी वाजवली नाही तिनं. नुसती दाराला चिकटून उभी आहे, दारातल्या फटीतून फ्रॉकचा पिवळा काठ दिसतो.

"आई, तू आत कोंडली का?"

मी पेटीवरून उतरून दाराशी आले.

ती खाली बसली. फटीतून बोटं आत घातली, मी माझी त्यावर ठेवली.

"भेवू नको, आई. मी इथंच बसतो. तू येस्तोर."

जिन्यावर यांचे बूट वाजताहेत, काल पॉलिश केलेले. कडी काढावी लागेल. बोलायला बसले तर सात मेपासून बोलावं लागेल, आणि मनी दाराशीच बसली आहे.